शीतगृहातल्या कॅमेऱ्यांना अलार्म लावताना

तासगाव परिसरातल्या एका बेदाणा शीतगृहाच्या दैनंदिन कामकाजाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आवारात कॅमेरे बसवून बराच काळ लोटला होता आणि त्यांचे चित्रण रेकॉर्डरमध्ये नियमितपणे साठत होते. मात्र ते उघडून पाहण्याची वेळ काहीतरी घडून गेल्यावरच येत असे. एका रात्री जनरेटरच्या टाकीतले डिझेल चोरीला गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही सगळा प्रकार पडद्यावर अगदी स्वच्छ पाहिला. तोंडे बांधलेली दोन माणसे मागच्या कुंपणाकडून आली, त्यांनी निवांतपणे कॅन भरले आणि आल्या वाटेने ती निघून गेली. त्यानंतरच्या बैठकीत एका ज्येष्ठ संचालकांनी विचारले, “कॅमेऱ्याला हे सगळं दिसत होतं, तर त्यानं तेव्हाच का सांगितलं नाही?” प्रश्न रास्त होता. सांगण्याची सोय त्या रेकॉर्डरमध्ये पहिल्यापासून होती. ती कोणी चालू केलेली नव्हती. ती चालू करण्याचे काम माझ्याकडे आले.

रेकॉर्डरच्या मेनूत शिरल्यावर आधी गोंधळ होतो, कारण अलार्म या नावाचे एकच बटण तिथे नसते. प्रत्येक अलार्मसाठी तीन गोष्टी स्वतंत्रपणे ठरवाव्या लागतात. कोणती घटना धरायची, कोणत्या वेळात धरायची आणि ती घडल्यावर यंत्रणेने काय करायचे. या तिन्हींपैकी एकही रिकामी राहिली तर अलार्म असून नसल्यासारखा होतो. आमच्याकडे हालचाल ओळखण्याची सोय काही कॅमेऱ्यांवर चालू होती, तिचे वेळापत्रकही चोवीस तासांचे होते, परंतु पुढच्या कृतीच्या रकान्यात फक्त ‘रेकॉर्ड करा’ एवढ्यावरच खूण होती. म्हणजे डिझेल चोरणाऱ्यांची नोंद यंत्रणेने इमानाने घेतली होती; ती कोणाला कळवायची हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

सुरुवात मोशन डिटेक्शनपासून, म्हणजे हालचाल ओळखण्याच्या सोयीपासून केली, कारण ती सोय जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असते. तिचे काम फार साधे आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडलेले असतात, एका चित्रातला चौकोन आधीच्या चित्रातल्या त्याच चौकोनाशी ताडून पाहिला जातो, आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बदल दिसला की हालचाल झाली असे धरले जाते. बदल कशामुळे झाला याच्याशी तिला काही देणेघेणे नसते. माणूस, कुत्रे, वाऱ्याने हलणारी ताडपत्री, ढगामागून आलेले ऊन, रस्त्यावरून वळणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचा भिंतीवर सरकणारा झोत, हे सगळे तिच्या लेखी सारखेच. पहिल्या काही रात्री मोबाइलवर इतक्या सूचना आल्या की त्यांतली एकही उघडून पाहण्याची इच्छा उरली नाही. आमचे रात्रपाळीचे रखवालदार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, सकाळी किल्ल्या देताना म्हणाले, “साहेब, ह्यो डबा रातभर वरडतोय. खरंच कुणी आलं तर मला तरी कसं कळायचं?” या विषयावर मी बरेच वाचले आहे, पण खोट्या अलार्मविषयी इतके नेमके वाक्य मला कुठे सापडले नाही.

त्यामुळे पुढचे बरेचसे काम हे अलार्म लावण्याचे नव्हे, तर नको असलेले अलार्म काढण्याचे होते. प्रत्येक सूचनेसोबतचे चित्र पाहून कारण वहीत लिहिण्याचा नेम धरला, आणि थोड्याच काळात कारणांचे ढीग वेगळे दिसू लागले. सर्वांत मोठा ढीग किड्यांचा होता. रात्री कॅमेरा स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात पाहतो. हे दिवे सहसा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात आणि अंधारात जवळून पाहिले तर त्यांची मंद लाली डोळ्यांनाही जाणवते. भिंगाच्या तोंडाशी आलेला साधा पतंग या उजेडात पांढऱ्याफेक चेंडूसारखा दिसतो आणि चित्राचा चांगलाच भाग व्यापतो. किड्यांच्या मागोमाग कोळी येतो, भिंगासमोर जाळे विणतो, आणि वाऱ्याने हलणारा त्याचा एकेक धागा अलार्म देऊ लागतो. यावर मऊ कुंचल्याने वेळोवेळी जाळी काढणे हा एक उपाय झाला. परंतु खरा फरक पडला तो मागच्या कुंपणावरच्या कॅमेऱ्याचे अंगचे दिवे बंद करून इन्फ्रारेडचा वेगळा दिवा चार हात दूर खांबावर लावल्यावर. किडे दिव्याकडे गेले आणि कॅमेऱ्यासमोरचे दृश्य निवळले.

दुसरा उपाय अधिक मोलाचा ठरला. आमच्या नव्या कॅमेऱ्यांत केवळ बदल न मोजता चित्रातली आकृती माणसाची आहे की वाहनाची, हे ओळखण्याची सोय आहे. तिच्या जोडीला दोन नियम मिळतात. एक म्हणजे जमिनीवर आखलेली कल्पित रेघ कोणी ओलांडली तर कळवायचे, आणि दुसरा म्हणजे आखलेल्या क्षेत्रात कोणी ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त थांबले तर कळवायचे. कुंपणासाठी रेघ आणि जनरेटरच्या ओट्यासाठी क्षेत्र, अशी वाटणी आम्ही केली. ओट्याजवळून जाणारी वाट कामगारांची नेहमीची असल्यामुळे नुसत्या येण्याजाण्यावर अलार्म नको होता. तिथे कोणी रेंगाळले तरच हवा होता.

रेघ आखणे हे पडद्यावर बोट फिरवण्याइतके सोपे वाटते, पण त्यात बारकावे आहेत. पहिली रेघ तंत्रज्ञाने कुंपणाच्या तारांच्या वरच्या कडेवर आखली, कारण पडद्यावर कुंपण तिथे दिसत होते. प्रत्यक्षात माणूस तारांखालून सरपटून आत आला तर ती रेघ त्याला लागतच नव्हती. काही कॅमेरे आकृतीभोवतीच्या चौकटीचा मध्यबिंदू रेघेच्या पलीकडे गेला की नियम मोडला असे धरतात, तर काही चौकटीचा तळ पाहतात. आपला कॅमेरा यांपैकी काय करतो हे चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही रेघ कुंपणाच्या आत, जमिनीवर, पाय पडतील तिथे आणली. दोन्ही टोके चित्राच्या काठाला न भिडवता थोडी आत ठेवली, कारण काठावर अर्धवट दिसणारी आकृती माणसाची आहे हे कॅमेऱ्याला नीट ओळखता येत नाही. दिशाही एकच दिली, बाहेरून आत. त्यानंतर अंधार पडल्यावर एका तरुण हमालाला कुंपणालगत चालायला, पळायला, वाकून जायला आणि डोक्यावर खोके घेऊन जायला सांगितले. सरळ चालताना प्रत्येक वेळी सूचना आली. पोत्यासारखे घोंगडे पांघरून तो रांगत गेला तेव्हा मात्र कॅमेऱ्याने त्याला माणूस मानले नाही. ओळखीची सोय कितीही चांगली असली तरी तिला फसवता येते, ही गोष्ट त्या रात्री आमच्या सर्वांच्या समोर आली.

म्हणूनच कुंपणाच्या त्या कोपऱ्यात आम्ही कॅमेऱ्यावर विसंबून न राहता पीआयआर सेन्सर बसवला. तो चित्र पाहत नाही. शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांमध्ये होणारा बदल तो टिपतो. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेली भिंत आणि माणसाचे अंग यांच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, तेव्हा त्याची नजर मंदावते. रात्री मात्र तो चोख काम करतो, आणि आम्हाला तो रात्रीच हवा होता. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी साधने एकाच जागेवर असली की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

असे बाहेरचे सेन्सर रेकॉर्डरला जोडण्यासाठी त्याच्या पाठीमागे हिरव्या पट्टीवर लहान लहान स्क्रूची टोके असतात. बहुतेक लोक ती कधी पाहतही नाहीत, आणि माझ्या मते त्या पेटीचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. ही टोके वीज मागत नाहीत. दोन तारा जुळल्या आहेत की तुटल्या आहेत, एवढेच ती पाहतात. इथे एक निर्णय घ्यावा लागतो. एरवी तारा उघड्या ठेवून घटना घडल्यावर जुळवायच्या, की एरवी जुळलेल्या ठेवून घटना घडल्यावर तोडायच्या? वायरमन पहिल्या पद्धतीने जोडून मोकळा होत होता, कारण त्याला तीच सवयीची. मी दुसरीचा आग्रह धरला. पहिल्या पद्धतीत कोणी तार कापली, उंदराने कुरतडली किंवा स्क्रू ढिला झाला, तर अलार्म कायमचा मुका होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत तार तुटताच अलार्म वाजतो. उंदरांचा वावर असलेल्या जागेत हा फरक केवळ पुस्तकी राहत नाही.

चेंबरच्या, म्हणजे माल ठेवायच्या थंड खोल्यांच्या दारांवर चुंबकाचे संपर्क बसवले; दार उघडले की ते तुटतात. त्याहून महत्त्वाची जोडणी तापमानाची होती. आमच्या चेंबरमध्ये बेदाणा ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवला जातो, आणि तापमान दाखवणाऱ्या कंट्रोलरमध्ये मर्यादा ओलांडल्यावर जुळणारा-तुटणारा एक संपर्क असतोच. तो रेकॉर्डरच्या पाठीवर आणून जोडला. आता मर्यादा ओलांडली की त्या चेंबरच्या दारासमोरचा कॅमेरा आपोआप पडद्यावर मोठा होतो, आणि दार उघडे राहिले आहे की कॉम्प्रेसरकडे धावायचे आहे, हे ऑपरेटरला बसल्या जागी कळते. माल चढवताना-उतरवताना दार बराच वेळ उघडे असते आणि तापमान थोडे चढतेच. म्हणून कंट्रोलरमध्ये काही मिनिटांचा विलंब दिला आहे. शीतकरणाच्या वायूची गळती ओळखणारी यंत्रणा मात्र मी मुद्दाम या रेकॉर्डरवर आणली नाही. तिचे पॅनेल, तिचा भोंगा, तिची बॅटरी सगळे स्वतंत्र आहे आणि स्वतंत्रच असले पाहिजे. जिवाशी संबंध असलेला इशारा चित्रण करणाऱ्या पेटीच्या भरवशावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घटना ठरल्यावर कृतीकडे वळलो. रेकॉर्डर घटनेच्या आधीची काही सेकंदे सतत स्मरणात धरून ठेवतो, त्यामुळे अलार्मच्या चित्रणात घटनेपूर्वीचा भागही मिळतो. तो वेळ १० सेकंद आणि नंतरचा ३० सेकंद ठेवला. आधीचा वेळ शून्य असेल तर चित्रणात माणूस आत आलेलाच दिसतो, कुठून आला ते दिसत नाही. भोंगा वाजवण्यासाठी रेकॉर्डरमध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच असतो, परंतु तो अगदी नाजूक असतो. त्यावर २३० व्होल्टचा भोंगा थेट जोडणे म्हणजे रेकॉर्डर जाळण्याची तयारी. आम्ही त्या रिलेने १२ व्होल्टचा दुसरा मोठा रिले चालवला आणि भोंगा त्याच्यावर घेतला. ईमेलने चित्र पाठवायची सोय चालू होईना, तेव्हा कळले की जीमेलने ३० मे २०२२ पासून अशा उपकरणांना नेहमीच्या पासवर्डने प्रवेश देणे थांबवले आहे आणि त्यासाठी वेगळा अॅप पासवर्ड काढावा लागतो. मोबाइलवरच्या सूचना उशिरा येण्याचे कारण तर रेकॉर्डरमध्ये नव्हतेच. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनच ते अॅप झोपवत होता.

सूचनेसोबतच्या चित्रातून माणूस ओळखू येईल का, हा प्रश्न संचालकांनी पुन्हा पुन्हा विचारला, म्हणून त्याचा हिशेब मांडला. पाळत कॅमेऱ्यांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी ठोकताळा आहे. कोणीतरी आहे एवढे कळायला दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात, आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० लागतात. आमचा कॅमेरा आडवे २५६० पिक्सेल देतो आणि त्याच्या २.८ मिलिमीटरच्या भिंगातून साधारण १०० अंशांचे दृश्य दिसते. म्हणजे चेहरा पटण्याजोगा दिसायचा तर माणूस कॅमेऱ्यापासून चार-सव्वाचार मीटरच्या आत हवा. कुंपण त्याच्या कितीतरी पलीकडे. तेव्हा कुंपणावरच्या कॅमेऱ्याने ‘कोणीतरी आले’ एवढेच सांगावे आणि चेहऱ्यासाठी जनरेटरच्या ओट्यावर जवळून पाहणारा, लांब भिंगाचा दुसरा कॅमेरा असावा, असे ठरले. एकाच कॅमेऱ्याने इशाराही द्यावा आणि चेहराही दाखवावा ही अपेक्षा आमच्याकडे सर्रास केली जाते, आणि विकणारेही तिला मान डोलावतात.

वेळापत्रकाचा प्रश्न हंगामामुळे अवघड झाला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेडवरून वाळलेला बेदाणा येऊ लागला की ट्रक रात्री कोणत्याही वेळी येतात, आणि मग रात्री दहा ते सकाळी सहा हे ठरावीक वेळापत्रक कुचकामी होते. त्यावर आमच्या रेकॉर्डरमध्ये एक चांगली सोय सापडली. पाठीमागच्या टोकांपैकी एकाला किल्लीचा स्विच जोडला की किल्ली फिरवल्यावर ठरवलेल्या अलार्मच्या कृती तात्पुरत्या थांबतात. किल्ली रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे असते, ती फिरवल्याची वेळ लॉगमध्ये उमटते, आणि चित्रण मात्र अखंड चालू राहते.

ज्या अलार्मांकडे कोणी लक्ष देत नाही ते मात्र यंत्रणेच्या स्वतःच्या तब्येतीचे असतात, आणि चोराच्या अलार्मपेक्षा मी त्यांना जास्त मान देतो. एखाद्या कॅमेऱ्याचे चित्र बंद पडले, भिंगावर कोणी कापड टाकले, हार्ड डिस्क लिहीनाशी झाली, नेटवर्क तुटले किंवा कोणी चुकीचा पासवर्ड वारंवार टाकला, तर रेकॉर्डर हे सगळे ओळखतो आणि पेटीतल्या पेटीत बीप करतो. आमच्याकडे तो बीप बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बंद केला होता, बहुधा त्रास नको म्हणून. तो चालू करताच एका जुन्या डिस्कची तक्रार सुरू झाली आणि ती बदलावी लागली. पासवर्डच्या इशाऱ्यालाही हलके घेऊ नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने, म्हणजे दूरवरून ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने, जगभरातले असे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी त्याने वापरली ती कारखान्यातूनच आलेली, कधीही न बदललेली नावे आणि पासवर्ड.

वीज जाण्याने मात्र या अलार्मांचा पूर येत असे. वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंतच्या थोड्या वेळात सगळे कॅमेरे एकदम बंद पडत आणि तितक्याच सूचना एकदम येत. कॅमेऱ्यांना वीज देणारा नेटवर्क स्विच रेकॉर्डरच्याच यूपीएसवर घेतल्यावर तो पूर ओसरला. त्याच वेळी रेकॉर्डरचे घड्याळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी जुळवले, कारण रेकॉर्डर, तापमानाचा कंट्रोलर आणि फाटकावरचे रजिस्टर यांच्या वेळा जुळत नसतील तर नंतर कोणत्याही घटनेचा क्रम लावता येत नाही.

कामगारांशी बोलणे हाही या कामाचाच भाग होता. हे सगळे आपल्यावर नजर ठेवण्यासाठी आहे, असा काहींचा समज झाला होता, आणि कॅमेऱ्यांच्या बाबतीत तो पूर्णपणे निराधारही म्हणता येत नाही. विश्रांतीच्या खोलीकडे तोंड असलेला एक कॅमेरा वळवून घेतला. अलार्मचे चित्रण व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायचे नाही असेही ठरवले. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी एखाद्या कामगाराचे रात्री दोनचे चित्र गावभर फिरणे शोभले नसते.

आता कुंपणाची सूचना आली की ती आधी मामांच्या टॅबवर येते. त्यांनी दोन मिनिटांत पाहिल्याची खूण केली नाही तर सुपरवायझरला फोन जातो आणि मग मला. चित्र पाहिल्याशिवाय ११२ ला फोन करायचा नाही, पण चित्रात माणूस दिसला तर एकट्याने बाहेरही पडायचे नाही, असे लिहून केबिनमध्ये लावले आहे. भोंगा रेघ ओलांडताच आपोआप वाजावा की माणसाने खात्री करून वाजवावा, यावर संचालकांत अजून दोन मते आहेत. आपोआप वाजणारा भोंगा चोराला पळवतो, पण कुंपणाजवळ ऊसतोडीच्या मजुरांच्या झोपड्या पडतात त्या महिन्यांत तो त्यांचीही झोप उडवतो. सध्या जनरेटरच्या ओट्यावरचा भोंगा आपोआप वाजतो, कुंपणावरचा मामांच्या हातात आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुपरवायझर प्रत्येक दाराचा चुंबक हलवून, एकेक रेघ स्वतः ओलांडून रजिस्टरमध्ये सही करतात.